काळ्या काचेवरची हळद

बायको गेली मार्गशीर्षात. फाल्गुन लागला तोवर तिचा आवाज माझ्या कानातून गेला होता.

चेहरा आठवायचा. चालणं आठवायचं, डावा पाय जरा ओढून टाकायची ते. शब्दसुद्धा आठवायचे. "अवं, ऐकलं का" असं ती म्हणायची हे मला माहीत होतं, जसा आपल्या रानाचा गट नंबर माहीत असतो तसं. पण आवाज काही येईना. एक दिवस मोटर चालू करायला विहिरीवर गेलो आणि तिथंच दगडावर बसून मुद्दाम मनात तिला बोलायला लावलं. ती बोलली, पण सुनेच्या आवाजात. मी तिथून उठलो. उसाला पाणी द्यायचं होतं, तेही दिलं नाही.

माणूस गेलं की गेलं, हे मला कळतं. आम्ही पूर्वीचे मेंढरं राखणारे. माझं शाळेत जाणं चौथीपर्यंत, ते पण बाप मेंढरांचा वाडा घेऊन कुठं मुक्कामाला असेल त्यावर. मरण लहानपणापासून बघितलेलं. पण मेलेलं माणूस आणि वर त्याचा आवाजही दुसऱ्याचाच होऊन बसावा, हे मला सोसेना.

तिचा आवाज माझ्या हिशेबानं एकाच ठिकाणी शिल्लक होता. लेकीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये.

लेकीचं लग्न त्याच्या आधीच्या वैशाखात झालं होतं. माझा पोरगा लोणी देवकरला कारखान्यात कामाला. त्यानं हौसेनं शूटिंगवाला सांगितला. मग ती कॅसेट बघायला रंगीत टीव्ही आणला, कारखान्यातल्या एका सोबत्याचा जुना व्हीसीआर आणला, आणि टीव्हीच्या पाठीमागून तारा काढून मोठाल्या आवाजाची दोन खोकी जोडली. "आबा, घरातच थेटर केलं बघा," म्हणाला. आमच्या निमगावात तेव्हा केबल नुकतीच आली होती. टीव्हीवर केबल चालायची ती नुसतं बटण दाबलं की. कॅसेट बघायची तर रिमोटवरचं एव्हीचं बटण दाबावं लागायचं. पोरानं मला समजावलं होतं, टीव्हीला आत यायला दोन दारं असतात, एक केबलचं आणि एक कॅसेटचं. दार बदलायचं बटण टीव्हीवर नाही, फक्त रिमोटवर. व्हीसीआर केबलच्या दारातून पण लावता येतो म्हणे, पण आमचा जुना, त्याची ती बाजू गेलेली होती. म्हणजे रिमोटशिवाय कॅसेट नाही.

श्रावणात सगळ्यांनी मिळून ती कॅसेट बघितली. शेजारपाजारच्या बायका आल्या होत्या. मी ओट्यावर बसलो होतो. ती दारात आली.

"अवं, आत या की. लग्न लागतंय."

"मी हुतोच की तिथं. पुन्यांदा काय बघायचंय?"

"तुमी किती बावळ्यावानी दिसताय ते तरी बघा."

"तूच बघ. तुला सवय हाय."

ती हसून आत गेली. आतून मग बायकांचा हसण्याचा आवाज आला, बहुतेक माझ्यावरच. मी काही उठलो नाही. माझं काय जात होतं उठायला, ते आज सांगता येत नाही. काही जात नव्हतं.

पुढं दसरा आला. खंडेनवमीला आमच्यात ज्या ज्या वस्तूवर पोट भरतं तिला हळदकुंकू लावतात. नांगर, कुऱ्हाड, विळे, मोटरचा स्टार्टर. बायकोचं म्हणणं, जे जे घरात चालतं त्या सगळ्याला लावायचं. शिलाई मशीन झालं, पोराची फटफटी झाली, मग ती ताट घेऊन टीव्हीपुढं आली.

पोरगा म्हणाला, "आई, त्याला कशाला? त्यो काय नांगर हाय व्हय?"

"तुझी फटफटी तरी कुठं नांगर हाय? तिला चालतंय न्हवं?"

"बरं, पण लावणार कुठं? त्याला कपाळ कुठंय?"

तिनं टीव्ही खालीवर बघितला. मोठ्या काचेच्या खाली मधोमध एक काळी काच होती, अंगठ्याच्या नखाएवढी. "हे बघ की, हितं हाय," म्हणाली, आणि हळद भिजवून चांगली दाट लावली, वर कुंकू टेकवलं. काळ्यावर पिवळं आणि त्यात तांबडं. मीच म्हणालो, शोभून दिसतंय.

त्यानंतर रिमोट चालेना झाला. दसऱ्याच्या कामात त्या दिवशी कुणी हात लावला नाही, म्हणून नेमका कधी बंद पडला ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. पोरानं सेल बदलले. मग एका सुट्टीच्या दिवशी स्क्रू काढून रिमोट उघडला, आणि उघडला तो उघडलाच, पुन्हा काही बसेना. सगळे कपटे एका डब्यात गेले. आम्ही उठून बटण दाबून केबल बघायला लागलो. ती दोनतीनदा म्हणाली, नवा आणा, लेक दिवाळीला येईल तेव्हा बघू कॅसेट. पोरगा हो म्हणायचा. दिवाळी झाली, लेक येऊन गेली, आणि मग हिला ताप आला. अंगावर काढला. बारामतीच्या दवाखान्यात नेलं तोवर छातीत पाणी झालं होतं. सहा दिवसांनी आणली ती तशी.

हे एवढं सांगितलं, कारण त्यापुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

तर विहिरीवरून उठलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बारामतीला गेलो. एस.टी. स्टँडच्या मागच्या बाजूला एक रेडिओ-टीव्हीवाला होता, दुकानही त्याचं आणि दुरुस्तीपण तोच करायचा. त्यानं सगळ्या कंपन्यांना चालणारा एक रिमोट काढला, लांबच्या लांब, ढीगभर बटणांचा. सोबत आकड्यांचा कागद.

"तात्या, हे सेटचं बटण दाबून धरायचं. तांबडा दिवा लागला की कागदावरचा एकेक आकडा घालायचा. तुमच्या टीव्हीचा आकडा आला की चॅनेल बदलतंय. मग एव्ही दाबा, झालं."

"आणि न्हाय बदललं तर?"

"तर पुढचा आकडा. मळ्यात येळ काय कमी हाय का तुमाला?"

पोराची तेव्हा दुपारपाळी होती. घरी मी आणि सून. तिची सातवी झालेली, म्हणून कागद तिच्याकडं दिला. ती वाचायची, मी दाबायचो.

"शून्य, एक, चार."

टीव्हीवर बाई बातम्या सांगत होती. ती सांगतच राहिली.

"शून्य, एक, नऊ."

बाई हलली नाही.

"मामा, इतक्या जोरात दाबून काय हुतंय? त्यो काय हातपंप हाय?"

"मग हळू दाबून तरी काय झालंय?"

आमच्या टीव्हीच्या कंपनीपुढचे आकडे संपले. मग दुसऱ्या कंपन्यांचे घातले. कागदाच्या दोन्ही बाजू संपवल्या. मधेच सून म्हणाली, जरा जवळ जाऊन दाबा. जवळ गेलो. पार गुडघ्यावर बसलो टीव्हीपुढं, रिमोट काचेला टेकवून. माझ्या नाकासमोर वीतभर अंतरावर ते हळदकुंकू होतं. मला ते दिसत होतं. सुनेलाही दिसत होतं. ती तर रोज फडक्यानं टीव्ही पुसायची, आणि पुसताना हळदकुंकवाला धक्का न लावता कडेकडेनं पुसायची. आमच्या घरात हळदकुंकू म्हणजे घाण नव्हे, त्याच्याकडं कोण कशाला शंकेनं बघेल?

सून शेवटी म्हणाली, "मामा, एवढं कुठलं चॅनेल बघायचंय तुमाला?"

"चॅनेल न्हाय. लग्नाची कॅसेट."

ती कागदाची घडी घालत बसली. मग एवढंच म्हणाली, "आत्या लय बोलत हुत्या त्यात. मी बघितलंय."

एवढं ऐकलं आणि मला राहवेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारामती.

दुकानात रिमोट काऊंटरवर टाकला. "ह्यो खोटा हाय. दुसरा दे."

"रिमोट खोटा नसतोय तात्या, दाबणारा नवा असतोय," म्हणाला. त्याच्या दुकानात आमच्याच कंपनीचा टीव्ही दुरुस्तीला आलेला होता. त्यानं तिथं उभ्या उभ्या आकडा घातला. टक्कन चॅनेल बदललं. एव्ही दाबलं, निळा पडदा आला. पुन्हा दाबलं, चॅनेल आलं.

"बघा. ह्यो ठणठणीत हाय. तुमचा टीव्ही बहिरा झालाय. घेऊन या हिकडं."

"टीव्ही काय शेरडू हाय का बगलत मारून आणायला?"

"मग पोराला सांगा, सुट्टीला आणंल की. घाई काय हाय? क्रिकेटची म्याच हाय का कुठली?"

मी म्हणालो, "घरची गेली माझी. तिची कॅसेट हाय ती."

त्यानं हातात घेतलेली तारा डागायची तापलेली सळई बाजूला ठेवली. काऊंटरच्या बाहेर आला. आवाज खाली आणून म्हणाला, "तात्या, हिकडं या. आधी हे बघा, काय वेळा टीव्ही आणायचीसुदिक गरज नसती." त्यानं त्या टीव्हीची खालची काळी काच दाखवली, नखाएवढी. "ह्यो टीव्हीचा डोळा. रिमोटमधनं उजेड निघतो, आपल्याला दिसत न्हाय, त्यो हितं जातो. ह्यावर धूळ बसली, तेलकट हात लागला, की संपलं. आता बघा."

त्यानं आपला अंगठा त्या काळ्या काचेवर ठेवला आणि रिमोट दाबला. चॅनेल बदलेना. अंगठा काढला, बदललं. परत ठेवला.

मी त्याच्या अंगठ्याकडं बघत उभा राहिलो. मला अंगठा दिसत नव्हता. मला तिचं बोट दिसत होतं, करंगळीशेजारचं, हळदीनं माखलेलं.

"धूळबीळ हाय का तुमच्या टीव्हीवर?" त्यानं विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो. "सून रोज पुसती."

रिमोट पिशवीत टाकला आणि इंदापूरची गाडी धरली. गाडीत जागा होती तरी मी उभाच होतो, आणि निमगावचा फाटा आला ते कंडक्टरनं सांगितलं तेव्हा कळलं.

घरी येऊन टीव्हीपुढं बसलो. चष्मा लावला. इतके दिवस बघत होतो ते आता पहिल्यांदा बघितलं. हळद वाळून घट्ट झाली होती, कडेनं जरा तडकली होती. मधे कुंकू. आणि हळदीत बोटाच्या रेषा उठलेल्या. त्या रेषांना आडवी छेद देणारी एक रेघ. तिला लेकीच्या लग्नाच्या आदल्या साली गवत कापताना विळा लागला होता त्या बोटाला, त्याचा वण. तो वण हळदीत जसाच्या तसा उठला होता.

सून आली. "काय झालं मामा? काय म्हणला दुकानवाला?"

मी सांगितलं. ती आधी हसली. "आगं बया, म्हंजी एवढ्यासाठी," म्हणाली, आणि ओलं फडकं घेऊन आली सुद्धा.

"ठेव ते."

"मी पुसते की, तुमाला खाली वाकाया..."

"ठेव म्हणलं ना."

मी जरा जोरात बोललो. ती थांबली. मग तिनंही वाकून बघितलं, आणि तिला रेषा दिसल्या असाव्यात. फडकं मागं लपवल्यागत करून ती चुलीकडं गेली.

माझी अडचण काय ती उघड होती. आवाज पाहिजे तर बोट पुसायला लागणार. बोट ठेवायचं तर आवाज नाही.

मी आधी दुसरा मार्ग बघितला. म्हटलं, तिनं त्या दिवशी घरातल्या सगळ्या वस्तूंना हळद लावली होती, कुठंतरी दुसरीकडं तिचं बोट राहिलं असेल. एक जरी राहिलं असेल तर हे पुसायला हरकत नाही. विहिरीवर जाऊन स्टार्टरची पेटी बघितली. रोज हात लागून तिथं काही उरलं नव्हतं. नांगराचं मातीत गेलं. विळे घासले होते. फटफटी पोरगा दर सुट्टीला धुतो. शिलाई मशीनवर पिवळट डाग होता, पण नुसता डाग, बोट नव्हतं. कुऱ्हाडीच्या दांड्यावरचं मीच माझ्या हातानं रोज घासत आलो होतो. ज्या ज्या वस्तूनं काम केलं तिच्यावरचं गेलं. टीव्हीला बाजूनं चार बटणं, मधे कुणाचा हात जात नाही, म्हणून तिथलं तेवढं राहिलं.

चार दिवस तसेच गेले. पोरगा पाळीवरून येऊन टीव्ही लावायचा, मी उठून बाहेर जायचो. सुनेनं त्याला सांगितलं असणार, कारण त्यानं विषय काढला नाही. उलट पाचव्या दिवशी जाताना म्हणाला, "आबा, राहू द्या तसंच. मी दुसरा टीव्ही बघतो कुणाचा तरी. तिथं जाऊन बघू कॅसेट." चांगलं बोलला. पण दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या चहाचा कप हातात घेऊन मी तिला बघायचं, हे मला जमणार नव्हतं. एकदा तिनं आपल्या घरात बोलावलं होतं तेव्हा मी ओट्यावर बसून राहिलो. आता बघायचं तर त्याच घरात.

त्या दुपारी मी वाटीत पाणी घेतलं. फडकं घेतलं नाही. आमच्यात देवाचा भंडारा खाली सांडला तरी पायदळी जाऊ देत नाहीत, बोटानं टिपून कपाळाला लावतात. हीही हळदच. मी बोट ओलं केलं आणि तिच्या बोटावर ठेवलं. माझं बोट मोठं, तिचं सगळं झाकून गेलं. जरा वेळ तसंच धरलं. मग फिरवलं. पहिल्यांदा कुंकू सुटलं, मग हळद. निघाली ती कपाळाला लावली. पुन्हा बोट ओलं केलं. तीन खेपेत काच काळी झाली.

सून दारात उभी होती. मी म्हणालो, "लाव कॅसेट."

रिमोट दाबला. आकडा दुकानदारानं घालून दिलेलाच होता. एव्हीचं बटण एकदाच दाबलं आणि दार बदललं, इतकं सोपं.

मांडव आला. लेक आली. पाहुणे, अक्षता, वाजंत्रीवाले. आणि दोन्ही खोक्यांतून गाणं सुरू झालं. सिनेमाचं. मला वाटलं मांडवात लावलं असेल, थांबेल. ते संपलं, दुसरं लागलं. नवरदेव घोड्यावर, गाणं. जेवणाच्या पंगती, गाणं. बायको आली तीसुद्धा गाण्यावरच आली. हिरवं लुगडं, हातात ताट, पंगतीतून फिरत होती, वाकून वाकून कुणाला तरी आग्रह करत होती. तोंड चाललं होतं. आवाज त्या गाणाऱ्या बाईचा.

मी सुनेकडं बघितलं. ती म्हणाली, "शूटिंगवाले सगळ्या कॅसेटीत अशीच गाणी भरत्यात, मामा. मला वाटलं तुमाला ठावं असंल. म्या म्हणलं त्या बोलत्यात, ऐकू येतंय असं न्हवतं म्हणलं."

तिचा काय दोष. जे लग्नात होते त्यांना काय बोलणं चाललंय ते माहीत होतं, त्यांना ते ऐकू आल्यासारखंच वाटलं असणार. श्रावणात बसलेल्या बायकांनाही वाटलं असेल. शेवटपर्यंत बघितली. कुठं दोन गाण्यांच्या मधे तरी दोन शब्द सापडतील म्हणून. नाही सापडले. मधे नुसती खरखर.

सून भांडी घासायला मागं गेली. मी कॅसेट मागं घेतली. ते गाणं पुन्हा सुरू झालं तेव्हा मला त्या गाण्याचाच राग आला, आणि रिमोटवर आवाज बंद करायचं बटण दुकानदारानं दाखवलं होतं ते दाबलं. घर एकदम शांत झालं. बाहेर भांड्यांचा आवाज तेवढा.

आता ती मुकी चालत होती. पंगतीच्या टोकाला मी उभा होतो, बावळ्यासारखाच, तिचं खोटं नव्हतं. ती ताट घेऊन माझ्याजवळून गेली, दोन पावलं पुढं गेली, थांबली, वळून काहीतरी म्हणाली. लहानसं. आणि चित्रातला माझा हात वर गेला आणि मी डोक्यावरची टोपी सरळ केली.

टोपी वाकडी झाली होती. तिनं ते सांगितलं होतं. "टोपी" आणि "नीट", याच्यापलीकडं त्यात काही असणार नाही. मी परत मागं घेऊन बघितलं. वळते, म्हणते, माझा हात जातो. दरवेळी जातो.

तिचा आवाज ऐकू आला असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू. पण बसल्या जागी माझा हात डोक्याकडं गेला होता, आणि टोपी तर मी खुंटीला लावून बसलो होतो.

सून हात पुसत आत आली. "आवाज गेला का मामा? बघू का तारा?"

"न्हाय," मी म्हणालो. "मीच बंद केलाय. तू बस."

ती बसली. दोघांनी पंगत पुरी होईपर्यंत बघितली. मधे ती एकदा म्हणाली, "आत्या आता जाऊबाईंस्नी वरडत्यात, भात संपला म्हणून," आणि खरंच चित्रात ती कुणाला तरी ओरडत होती.

पुढच्या दसऱ्याला सून ताट घेऊन टीव्हीपुढं आली आणि माझ्याकडं बघत थांबली. मी म्हणालो, काळ्या काचेला नको, वरच्या कडेला लाव. तिनं तिथं लावलं.

बायकोचा आवाज काही परत आला नाही. अजूनही ती मनात बोलते ते सुनेच्याच आवाजात. विहिरीवर बसलेला असलो तर मी आता उठून जात नाही. काय म्हणते ते ऐकतो.